मोठीमायचं हळदीचं पुस्तक

पुस्तक उघडायच्या आधी मोठीमाय आमचे हात बघायची. नुसते तळवे नाही. बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं. गुळाचा चिकटपणा असला तर पदराचं टोक ओलं करून पुसायची आणि तरीही पहिलं पान आपल्याच हातानं उलटायची. "पान उलटायचं असतं, ओढायचं नसतं," हे ती दर वेळी सांगायची. काल सांगितलं होतं, परवाही सांगितलं होतं, याचा तिच्यावर काही परिणाम नव्हता. लेकराला रोज नवीन सांगावं लागतं, असं तिचं म्हणणं.

मोठीमाय म्हणजे आमच्या आबांची पहिली बायको. नाव मुक्ताबाई, पण त्या नावानं तिला हाक मारणारं आमच्या गावात कोणी उरलं नव्हतं. लग्नाला बारा वर्षं होऊन मूल झालं नाही म्हणून आबांनी माझ्या मायशी दुसरं लग्न केलं. मायला रंगनाथ झाला, त्याच्यामागे मी झाले, मग दोन लेकरं जगली नाहीत आणि बऱ्याच वर्षांनी किसन झाला. मोठीमाय घरातच होती. दळण तिचं, शेण तिचं, हळद शिजवायच्या दिवसांत चुलवणासमोर उभं राहणं तिचं. लेकरं मात्र मायची. बारशाला पाळण्याच्या दोरीला तिचा हात लागू द्यायचे नाहीत. आमच्यापैकी कोणाला ताप आला की माय मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायची, आणि काढताना एकदा तरी मोठीमायच्या खोलीकडे बघायची. तोंडानं कोणी काही म्हणत नव्हतं. म्हणायची गरज नव्हती.

ते पुस्तक नसतं तर मोठीमायच्या मांडीवर आम्हांला कोणी बसू दिलं नसतं. "पुस्तक दावते लेकराला," एवढं ती म्हणाली की माय गप्प बसायची. घरात अक्षर ओळखणारी दुसरी बाई नव्हती आणि रंगनाथनं शिकावं अशी आबांची फार इच्छा होती. मोठीमायला हे पक्कं ठाऊक होतं. पुस्तक टिकलं तर मांडी टिकणार. ती त्या पुस्तकाला एवढं जपायची ते विद्येसाठी नव्हे, हे मला फार उशिरा कळलं.

पुस्तक वाशीमहून आलेलं. तिचा भाऊ तिकडे एका शाळेत शिपाई होता. रंगनाथच्या जावळाला येताना त्यानं ते आणलं. वाशीम इंग्रजांच्या मुलखात, आम्ही निजामाच्या, आणि मध्ये कनेरगावचा नाका. नाक्यावर येणाऱ्याजाणाऱ्याची गाठोडी सोडून बघायचे. नाकेदारानं पुस्तक उचललं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "ये क्या है?"

"लेकराचं पुस्तक हाय, साहेब. चित्रं हायेत त्याच्यात," मामा म्हणाला.

"तसवीरां हैं?" म्हणत नाकेदार खाली बसला. त्यानं आतून आपल्या माणसाला बोलावलं. दोघांनी मिळून सगळी चित्रं पाहिली, मोराच्या पानावर बोट ठेवून थोडा वाद घातला आणि मग नाकेदार पुस्तक घेऊन मागच्या खोलीत निघून गेला. मामा उन्हात उभा. बऱ्याच वेळानं नाकेदार परत आला तेव्हा पुस्तकाचा एक कोपरा ओला होता. "हमारी बच्ची छोड़तीच नहीं थी," एवढंच तो म्हणाला.

मोठीमायला ही गोष्ट फार आवडायची. "पहिला घास त्या नाकेदाराच्या लेकीनं घेतला," ती म्हणायची. "तवापासून ह्या पुस्तकाला चावून घ्यायची सवय लागली."

पुस्तकाच्या पुढच्या भागात अक्षरं आणि त्यांची चित्रं होती. मागच्या भागात एका शेळीची गोष्ट होती. शेळी बाजाराला जाते, गर्दीत चुकते आणि घरचा रस्ता शोधत फिरते. मोठीमाय लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. रंगनाथला चित्रं दाखवता दाखवता ती स्वतः शिकली. बदकाच्या शेजारी जे आहे ते ब, मोराच्या शेजारी जे आहे ते म, अशी एकेक जोडी तिनं जमवली. जोडाक्षरं मात्र तिला कोणी दाखवली नाहीत. शेळीच्या गोष्टीत जोडाक्षर आलं की ती खोकायची आणि पुढे जायची. आम्हांला वाटायचं, तो खोकला पुस्तकातच आहे. रंगनाथ शाळेत पहिल्यांदा धडा वाचायला उभा राहिला तेव्हा तोही बरोबर तिथंच खोकला. गुरुजींनी त्याला घरी जाऊन काढा घ्यायला सांगितलं.

वाचायची वेळ दुपारची. जेवणं झाली, माय आडवी झाली की मोठीमाय गोठ्याच्या दाराशी पोतं टाकून बसायची. तिथं उजेड यायचा आणि तिथं कोणी यायचं नाही. दिव्याजवळ तिनं पुस्तक कधी उघडलं नाही, तेलाचा थेंब पडेल म्हणून.

गोष्टीचं शेवटचं पान रंगनाथनं लहानपणीच फाडून टाकलं होतं. त्यामुळे शेळीचं पुढे काय झालं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मोठीमाय माणूस पाहून शेवट करायची. रंगनाथला सांगताना शेळी वाटेत लांडग्याला ढुशी मारून लोळवायची. मला सांगताना ती नुसती घरी यायची.

"सांजच्याला आली घरी. कोनी इचारलं न्हाई तिला, कुठं गेली व्हती म्हणून. मंग तिनं बी सांगितलं न्हाई."

"मंग?" मी विचारायची.

"मंग काही न्हाई. पाणी पेली."

मी सहा-सात वर्षांची असताना पुस्तकाची शिवण सुटली. पानं सुटी झाली, कोपरे तर आम्ही खाऊनच टाकले होते. आबा हळद घेऊन हिंगोलीला चालले होते, त्या गाडीत मोठीमाय मला घेऊन बसली. बाजारात एक म्हातारा जिल्दसाज होता. कचेरीतल्या वह्यांना पुठ्ठे बांधायचा. तिनं पुस्तक त्याच्यासमोर ठेवलं.

"बाबा, हे सुटून राहिलं. काय करावं?"

त्यानं पानं चाळली. "ये तो बच्चों ने खाया है."

"व्हय. तीन पिढ्या," मोठीमाय म्हणाली. तिच्या हिशेबात नाकेदाराची लेक, रंगनाथ आणि मी, अशा या तीन पिढ्या. म्हातारा हसला. त्यानं तिला पद्धत सांगितली. पानाच्या मागे जुनं मऊ कापड लावायचं, कणकेची घट्ट खळ करायची, सावलीत वाळवायचं. मग त्यानं कागदात बांधून एक निळा खडा दिला. खळीत चिमूटभर मोरचूद घाला, कसर लागणार नाही, म्हणाला.

मोरचूद आमच्या घराला नवीन नव्हता. बैलाच्या खुराला किडे पडले की आबा लावायचे. तो ठेवतात आढ्याला, लेकरांचा हात पोचणार नाही तिथं.

"जहर असतंय न हे?"

"हौ. इसीच वास्ते कीड़ा मरता."

"माझी लेकरं पानं तोंडात घालतात, बाबा."

म्हाताऱ्यानं कुरतडलेले कोपरे पुन्हा पाहिले. "फिर मत डालो, बहन."

पण खडा त्यानं परत घेतला नाही. राहू द्या, पुढे कधी मोठ्या माणसाचं पुस्तक बांधाल तेव्हा लागेल, असं काहीतरी म्हणाला. दिलेली वस्तू तोंडावर परत करणं मोठीमायला जमत नसे. तिनं ती गाठीला बांधली.

घरी येऊन तिनं आपलं एक जुनं लुगडं धुतलं, पानाएवढे तुकडे कापले, खळ शिजवली. मोरचुदाच्या जागी तिनं हळद घालायचं ठरवलं. हळदीलाही कीड लागत नाही, आणि आमच्या घरी दुसरं होतं काय. खलबत्त्यात हळकुंड मी कुटलं. खळ निवल्यावर तिनं बोटभर स्वतः चाटली, दुसरं बोट माझ्या तोंडात घातलं.

"कडू लागती का?"

"थोडी."

"लागू दे. आधी आपण चाखायचं, मंग लेकराला द्यायचं."

तीन दुपारी आम्ही पानं चिकटवली आणि तिनं गोधडीच्या टाक्यानं ती शिवली. पुस्तक वाळलं तेव्हा सगळं पिवळं झालं होतं. बगळा पिवळा, ससा पिवळा, शेळी पिवळी. उघडलं की सणाच्या दिवशीच्या घरासारखा वास यायचा. एक पान तेवढं वासरानं ओढून खाल्लं. ते हत्तीचं होतं. मोठीमायनं कोऱ्या कापडावर काजळानं नवीन हत्ती काढला. हत्ती तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तिनं पोळ्याचा बैल काढला, झूल घातली, शिंगं रंगवली आणि पुढे सोंड लावली.

"हत्तीला शिंगं नसतात," रंगनाथ म्हणाला.

मोठीमायनं आपल्या चित्राकडे थोडा वेळ बघितलं. "नसतील. पण कोनी मारायला आलं तर त्यानं काय करावं?"

निळा खडा तिच्या पत्र्याच्या पेटीत राहिला. मी शहाण्यासारखी वागले तर ती कागद सोडून दाखवायची. मोराच्या मानेचा रंग. "बघायचं. हात लावायचा न्हाई." दहा मोजेपर्यंत मी बघायची, मग ती पुन्हा बांधून ठेवायची. चार वर्षं मी तो खडा पाहत आले. त्याच्या एका अंगाला बोराएवढी खाच होती. ती कधी मोठी झाली नाही. खडा होता तेवढाच राहिला.

मला शाळेत घातलं तेही तिच्यामुळे. एकदा आबांना ताट देताना ती म्हणाली, "गोदीला अक्षरं येतात. रंगनाथसंगं बसू द्या, त्याला सोबत हुईल." स्वतःसाठी तिनं कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही, म्हणून की काय आबांनी ते मानलं. चौथीपर्यंत मी शिकले. पहिल्याच वर्षी गुरुजींनी एक नवंकोरं चित्रांचं पुस्तक वर्गात आणलं. पांढरी स्वच्छ पानं. मी तोपर्यंत घरातलं एकच पुस्तक पाहिलेलं. मी विचारलं, "गुरुजी, ह्याला हळद कधी लावायची?"

मी शाळेत आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न आणि शेवटचाही. चार वर्षं मला पोरं हळदीची नवरी म्हणत होती. त्या दिवशी घरी येऊन मी सगळा राग मोठीमायवर काढला. तिनं ऐकून घेतलं.

"हसू दे. त्यांची पुस्तकं कसर खाईल," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, शेण कालवता कालवता म्हणाली, "मुळात पांढरं असतं व्हय? मी इसरलेच व्हते."

मी बोलायला आधीच भीत असे. त्यानंतर तर तोंड उघडायच्या आधी मला सगळा वर्ग हसताना दिसायचा. हे कारण म्हणून सांगत नाही.

मी नऊ वर्षांची असताना किसन झाला. तो बसायला लागल्यापासून मोठीमायच्या मांडीवर तो. मी मोठी झाले होते, मला तिथं जागा नव्हती. मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून तिचं वाचणं लांबून ऐकायची. किसनला शेळीपेक्षा मोर आवडायचा. मोराचं पान आलं की तो दोन्ही हातांनी पुस्तकावर आपटायचा आणि कोपरा तोंडात घालायचा. ती म्हणायची, "खा बाबा. हळदच हाय."

दीड वर्षाचा झाला तरी तो बोलत नव्हता. मग एका दुपारी, माय अंगणात सुपानं तूर पाखडत होती, किसननं मान वर करून मोठीमायच्या तोंडाला हात लावला आणि स्पष्ट म्हणाला, "माय."

मोठीमायनं झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "मी न्हाई. ती बघ, ती तुझी माय."

त्यानं तिचा हात काढला आणि पुन्हा तिलाच म्हणाला. मायचं सूप थांबलं नाही. तिनं मानही वर केली नाही. पण संध्याकाळी तिनं किसनला मोठीमायच्या हातून घेतलं ते ओढून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरीला नुसता गाळ उरला. गावात पाच-सहा घरांतल्या लेकरांना ओकाऱ्या आणि जुलाब लागले. किसनलाही लागले. तिसऱ्या दिवशी तो पिवळं ओकला आणि त्यात कापडाचा एवढासा धागा निघाला. मायनं तो धागा बोटावर घेतला, बघितला आणि सरळ मोठीमायच्या खोलीत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सुटलेला कागद आणि निळा खडा होता.

आबा ओट्यावर होते. शेजारची दोघंतिघं किसनला बघायला आली होती.

"हे बघा," माय म्हणाली. "हिच्या पेटीत निघालं. लेकराला पुस्तक चारती, लेकराला पुस्तक चारती, मी म्हणते एवढं काहून? हे घालती त्याच्यात."

मोठीमाय गोठ्यातून शेणाच्या हातानं तशीच आली. "त्यातला कण बी वापरला न्हाई मी. जिल्दवाल्यानं दिला तेवढाच हाय."

"दिला केवढा, कोनी पाहिला?"

मी पाहिला होता. त्या अंगणात मी एकटीच होते जिनं पाहिला होता. म्हाताऱ्याचं बोलणं मी ऐकलं होतं, हळकुंड मी कुटलं होतं, ती खळ माझ्या जिभेवर होती.

आबा माझ्याकडे वळले. ते रागावलेले नव्हते. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "गोदे, तू असती तिच्यासंगं. खळीत काय घालती ती?"

मी परकराचं टोक बोटाला गुंडाळलं. माय माझ्याकडे बघत होती. शेजारीण बघत होती. माझ्या कानात वर्ग हसत होता. मी अकरा वर्षांची होते, एवढी लहान नव्हते. एक शब्द पुरे होता. हळद. तो शब्द माझ्या तोंडात आला होता.

आणि आणखी एक होतं, जे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं, किसनला आता पुस्तक दाखवू देणार नाहीत. मग ती पुन्हा मला दाखवेल. असं वाटायला फार वेळ लागत नाही. तेवढ्या वेळात आबांनी नजर काढून घेतली.

"जाऊ द्या, ती काय सांगती," शेजारीण म्हणाली. "लाजतं ते लेकरू."

आबा मोठीमायला एवढंच म्हणाले, "आजपासून लेकराला हात लावू नको." आवाज चढवला नाही. खडा त्यांनी उकिरड्यात खोल पुरला.

मोठीमाय रडली नाही, भांडली नाही. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे. मग ती गोठ्यात परत गेली.

चार दिवसांत किसन बरा झाला. त्या पाच-सहा घरांतली लेकरंही बरी झाली, त्यांनी कोणतंही पुस्तक खाल्लेलं नव्हतं. हा विचार कोणीच केला नाही. पुस्तक मायनं जाळलं नाही, कारण विद्येला आग लावत नाहीत. ते तिनं नीट मोठीमायच्या पेटीत नेऊन ठेवलं.

आठ-पंधरा दिवसांनी दुपारी मी गोठ्याच्या दाराशी गेले. मोठीमाय पोत्यावर बसून बैलाचं दावं वळत होती. मी म्हणाले, "पुस्तक दाव ना."

तिनं दाव्याची गाठ ओढली. "तुला वाचता येतं की. बोलता येत न्हाई तेवढं."

त्यावर ती पुढे कधी काही बोलली नाही. मला दोष दिला नाही, तिरकं बोलली नाही. माझ्या वेण्या घालायची, डोक्याला तेल लावायची. पण तिला एक सवय लागली. चुलीवरचं काहीही वाढायच्या आधी ती मायसमोर त्यातला एक घास खायची आणि जरा वेळ तशीच उभी राहायची. भाजी असो, वरण असो, पाण्याचा हंडा असो. बायकांनी आधी खायची रीत नाही, पण तिला कोणी अडवलं नाही. हळूहळू घराला त्याची सवय झाली. नवीन पाहुण्याला तेवढं विचित्र वाटायचं.

पाहुण्यांना मग किसनच सांगायचा. चार वर्षांचा होता, फार गोड बोलायचा. "मोठीमायनं मला मोरचूद चारला व्हता. तरी मी मेलो न्हाई." लोक हसायचे. आबाही हसायचे. आमच्या घरची ती एक गंमत होऊन बसली. माझ्या लग्नात वऱ्हाडी मंडळींसमोर त्यानं ती सांगितली तेव्हा मोठीमाय पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी होती.

"लई चिवट हाय पोरगं," तांब्या ठेवताना ती म्हणाली. लोक आणखी हसले. मीही मुंडावळ्यांच्या आड खाली बघून हसले. तेव्हा मी तेरा वर्षांची होते.

मला नाक्यापलीकडे दिलं, वाशीमच्या बाजूला. पुढे निजामाच्या मुलखात गडबडीचं साल आलं. आमच्या भागातली पुष्कळ माणसं घरं सोडून नाका ओलांडून आली. आबांनी मायला, रंगनाथला, किसनला आमच्याकडे आणून सोडलं. मी गाडीत डोकावून पाहिलं.

"मोठीमाय?"

"ढोरांपाशी कोनी तरी पाहिजे न," माय म्हणाली. "तिला कोन काय करतंय."

कोणी काही केलं नाही, हे खरं. पाच महिने ती दोन बैल, एक म्हैस आणि कुलूप लावलेल्या खोल्या सांभाळत एकटी राहिली. ही मंडळी परत गेली तेव्हा एकही जनावर कमी नव्हतं. मायनं मोजून पाहिलं.

अठ्ठेचाळीस सालच्या दिवाळीनंतर, रस्ते पुन्हा सुरू झाल्यावर, मी एका दिवसासाठी माहेरी आले. दीर गाडी घेऊन बरोबर होते. दिवस मावळायच्या आत नाका ओलांडायचा, असं सासऱ्यांनी बजावलेलं. तेव्हा कोणी उशिरा रस्त्यावर राहत नसे. माझी शांता दोन वर्षांची होती.

जेवणं झाली. माय आतल्या खोलीत आडवी झाली. मी भांडी घासून आले तर शांता जागेवर नव्हती. ती गोठ्याच्या दाराशी सापडली. मोठीमाय पोत्यावर बसली होती. शांता तिच्यापासून दोन हातांवर उभी राहून बोट दाखवत होती. मोठीमायनं पुस्तक पेटीतून काढून मांडीवर ठेवलेलं होतं. ते किती वर्षांनी काढलं होतं, मला माहीत नाही. पिवळा रंग गडद झाला होता, जवळजवळ मातीसारखा. शांता पुढे सरकली तशी मोठीमायनं पुस्तक उचलून डोक्यावर धरलं.

"थांब," ती मला म्हणाली. "धर लेकराला."

मी शांताला उचललं. मोठीमायनं पुस्तक खाली घेतलं, मोराचं पान उघडलं, त्याचा कोपरा दातानं तोडला. कापड, कागद, खळ, सगळं. ती चावत राहिली. दात कमी झाले होते, वेळ लागला. मग तिनं ते गिळलं आणि तोंड उघडून मला दाखवलं.

"आता सांज होऊ दे," ती म्हणाली. "मला काही झालं न्हाई, तर मंग दे तिला माझ्यापाशी."

"मोठीमाय..." मी म्हणाले.

ती वाट बघत राहिली. माझ्याकडे बघून वाट बघत होती, उन्हाकडे नाही. भिंतीपलीकडे माय होती, जागी होती, तिच्या बांगड्या वाजलेल्या मला ऐकू आल्या. खळीत हळदच होती, मी चाखली होती. एवढं म्हणायचं होतं. मी सतरा वर्षांची झाले होते, लेकराची आई होते.

"बरं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि पुस्तक मिटलं.

आम्ही तिथंच बसलो. शांता थोडी रडली, मग वासरापाशी खेळायला लागली. मोठीमाय हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती, कचेरीत बोलावणं यायची वाट बघत बसतात तशी. समोरच्या भिंतीवरचं ऊन हळूहळू वर चढत होतं. एकदा तिनं स्वतःच्या पोटाला हात लावून पाहिला.

बाहेरून दिरांनी हाक दिली. "वैनी, चला. नाका गाठायचाय."

मोठीमायनं भिंतीकडे बघितलं. "अजून वीतभर हाय ऊन," ती म्हणाली.

मी शांताला काखेला मारलं. वाकून मोठीमायच्या पाया पडले. शांतानं पुस्तकाकडे हात केला, तेव्हा मोठीमाय पोत्यावरच मागे सरकली.

गाडी वळणावर आली तेव्हा ऊन कौलांवर गेलेलं होतं. मोठीमाय गोठ्याच्या दारातून पुढे अंगणाच्या कडेपर्यंत आली. पुस्तक तिनं काखेत धरलं होतं. मी बघते आहे हे दिसल्यावर तिनं दोन्ही हात पुढे केले. आधी तळवे दाखवले, मग उलटे करून नखं, आणि मग बोटं फाकवून बेचक्या.